काशम्माच्या नावचं धान्य

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कुंभारी,
ता. ६ ऑगस्ट २०२५

ती. संगप्पा अण्णा यास,
काशम्माचा सा. न. वि. वि.

थोरल्या भावाला पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं, असं अप्पांनी मला शिकवलं होतं. या पत्रात मी ‘तू’च लिहिणार आहे. रागावलेलं माणूस अहोजाहो करायला लागलं की खोटं वाटतं. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तुझा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि दुसऱ्या दिवशी तू म्हणतोस की मी असं बोललोच नव्हतो. तेव्हा तूही कागदावरच उत्तर दे. शनिवारी राखीपौर्णिमा आहे, पण राखी या पाकिटात नाही. शोधू नकोस.

सोमवारी तुझा टेम्पो आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत आला. श्रावण सोमवारचा दासोह म्हणे, मठाचं अन्नदान. गेले तीन महिने माझं रेशन बंद आहे हे तुला ठाऊक आहे. इथं माझ्यासारख्या वीस-बावीस बायका आहेत. विड्या वळून वळून अंगठ्याच्या रेषा पुसल्या, दुकानातलं मशीन अंगठा ओळखत नाही, केवायसी होत नाही, म्हणून धान्य नाही. दुकानदार म्हणतो वर विचारा, वरचे म्हणतात दुकानात विचारा. त्यामुळे शाळेच्या भिंतीजवळ गाडी लागली आणि धान्य वाटतायत असं कानावर आलं, तेव्हा मला वाटलं की अडकलेलं रेशनच सरकारनं गाडीनं पाठवलं. हातातलं सूप तसंच टाकून मी रांगेत जाऊन उभी राहिले. फलक गाडीच्या पलीकडच्या बाजूला होता. पिशवी हातात आल्यावर तुझ्या बिरुदेव ड्रायव्हरनं मला खांद्याला धरून फिरवलं, तेव्हा तो दिसला. मठाचं नाव बारीक, तुझं नाव हातभर. आणि मी वाचेपर्यंत त्यानं मोबाइलवर फोटो काढलासुद्धा.

दासोहात दास असतो तो देणारा. अप्पा वाढायला उभे राहिले की मान खाली घालून फक्त पानाकडं बघत. पंगतीत कोण बसलंय ते वाढणाऱ्याला कळू नये, ही आपल्या घरची रीत. त्याच रीतीला तू फोटोवाला लावलास.

तो फोटो संध्याकाळपर्यंत टेंभुर्णीला, लेकीच्या सासरी पोचला. सिद्धेश्वरीला आठवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून गेल्या महिन्यात मी लेकीला वाजतगाजत घेऊन आले. आता तिच्या सासूबाईंनी, गुरम्मांनी, फोन करून विचारलं की आमची सून तुमच्याकडं ठेवली ती दानाच्या रांगेतलं खायला काय. जावई अनिलकुमार मध्ये पडला, पण त्याचं घरात काही चालत नाही. त्यातून डॉक्टरांनी पोरीचं रक्त कमी सांगितलंय. तिचे वडील गेल्याला दीड वर्ष झालं. आता तिचं माहेर म्हणजे मी आणि ही दीड खोली. पोर इथंच बाळंत व्हावी, एवढं एकच मला या जन्मात पार पाडायचंय, आणि ते तू धोक्यात घातलंस.

आणखी एक. पिशवी परत पाठवण्याआधी सिद्धेश्वरीनं तांदूळ ताटात ओतून बघितला. तो वाण्याच्या दुकानातला तांदूळ नाही अण्णा. त्यात ते सरकारी पोषणाचे दाणे मिसळलेत, जरा पिवळट, धुताना वर तरंगणारे. आम्ही वर्षानुवर्षं ते निवडून काढतोय. तू स्वतः किराणा दुकानदार. दासोहाला रेशनचा तांदूळ कुठून आणलास, तेवढं सांग.

बिरुदेव गुरुवारी इकडून जाणार आहे. त्याच्याकडं पिशवी देते, दाणा न् दाणा तसाच आहे. वहिनींना नमस्कार. लोभ असू द्यावा असं लिहायला हात उचलत नाही, पण उत्तर आलंच पाहिजे.

तुझी धाकटी बहीण,
काशम्मा

* * *

॥ श्री ॥

अक्कलकोट,
ता. १२ ऑगस्ट २०२५

चि. काशम्मा हीस,
संगप्पाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद नको असतील तर पिशवीबरोबर तेही परत पाठवायचे होतेस. बिरुदेवानं भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, ती पिशवी माझ्या गल्ल्यापुढं आणून ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं की ताईंनी परत दिलीया. तुला असंच व्हायला हवं होतं ना? झालं. माझी मान खाली गेली, तुझं पोट भरलं असेल.

तू लहानपणापासून अशीच. होळीची पोळी एका बाजूनं करपली म्हणून ताट सरकवून दिवसभर उपाशी बसणारी पोर तूच. तुझे यजमान शिवपुत्रराव गेले तेव्हा मी पोतंभर ज्वारी पाठवली, ती तू उंबऱ्यावरून परत केलीस. मागच्या दिवाळीला तुझ्या वहिनीनं, महेश्वरीनं, फराळाचा डबा दिला, तो तू शेजारी वाटून टाकलास. तुला एकटीला काही पाठवायची सोयच नाही. मग मी काय करावं? चाळीस घरांच्या पिशव्या भरल्या, त्यातली एक तुझ्या हातात पडावी म्हणून. हे तुला कधी सांगणार नव्हतो. तू बोलायला लावलंस.

फोटोचं म्हणशील तर मठाच्या पंचांना वाटप झाल्याचा पुरावा लागतो. बिरुदेवानं चाळिसांचे काढले, तुझाही काढला. ताईंचे व्याही आपल्या मठाच्या ग्रुपवर आहेत हे त्या गड्याला काय माहीत? आणि हातभर नावाचं काय सांगतेस! फलक रंगवणाऱ्यानं जागा उरली म्हणून अक्षर मोठं काढलं. मी काही मोजपट्टी घेऊन उभा नव्हतो.

तांदळाचं विचारलंस. मठात चार घरचं धान्य येतं, एकत्र होतं. देणाऱ्याला दाण्याची जात विचारायला मी कोण? तूही विचारू नकोस.

आता माझं ऐक. पोरगी दोन जिवांची आहे, रक्त कमी आहे, आणि तू तुझ्या नाकापायी घरात आलेलं अन्न परत धाडतेस. हे पाप कुणाच्या माथी? सिद्धेश्वरीला इकडं पाठवून दे. मामाचं घर म्हणजे माहेरच. महेश्वरी सगळं बाळंतपण करायला तयार आहे. इथं अन्नधान्याला तोटा नाही, हे विहीणबाईही मान्य करतील. तू हवं तर बारशाला ये आणि तिथंही भांड.

राखी बाजारातून आणून मठातल्या स्वामींच्या हातून बांधून घेतली. लोभाचं तू बघ, माझ्याकडून कमी नाही.

तुझा,
संगप्पा

* * *

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कुंभारी,
ता. २० ऑगस्ट २०२५

ती. संगप्पा अण्णा यास,
काशम्माचा सा. न. वि. वि.

माझी पोर कुठं बाळंत होणार ते तू ठरवू नकोस. तिला मी जन्म दिला तो तुमच्याच घरात, अव्वाच्या हाताखाली. माझ्या पोरीलाही तिची आईच हाताशी पाहिजे. तिथं भाताचा डोंगर असला तरी ती येणार नाही, तिनं स्वतःच सांगितलंय.

आम्ही काय खातो असं तुला वाटत असेल, तर सांगते. शेजारी धनलक्ष्मी राहते, तेलुगू, पद्मशाली. तिचाही अंगठा मशीन घेत नाही, पण तिच्या सासूचा घेतं, म्हणून त्यांच्या घरी अजून धान्य येतं. दर तीन-चार दिवसांनी ती स्टीलचा डबा आणून ठेवते आणि म्हणते की आमच्याकडं उंदीर लई झालेत, एवढा तांदूळ सांभाळा. उंदीर तिच्या घरी एकही नाही. मी डबा रिकामा परत देत नाही. कधी कढीपत्ता, कधी दोन लिंबं, काहीच नसलं तर मीठ घालते. ती न बघता घेते. द्यायची रीत तुला शिकायची असेल तर कधी येऊन तिच्या पायरीवर बस.

आता मुद्द्याचं. सोमवारी विड्यांचा दिवस बुडवून मी पुरवठा शाखेत गेले. कचेरीत दुपारपर्यंत बाकड्यावर बसले. नंबर आल्यावर कारकुनापुढं अंगठा धरला, तर त्यानं तो बघितलाही नाही. आधारचा नंबर टाकला आणि म्हणाला की तुमचा अंगठा झकास चालतोय की बाई, मे महिन्यातच तुमचं केवायसी झालंय. मी विचारलं की मग माझं धान्य कुठाय. तर तो म्हणाला की तितं अक्कलकोटला जातंय की, महिन्याच्या महिन्याला.

मी त्याला म्हटलं, पडदा माझ्याकडं फिरवा. त्यानं फिरवला. कुटुंबप्रमुख संगप्पा. पत्नी महेश्वरी. मुलगा प्रभु. अव्वाच्या नावापुढं मयत. आणि खाली मी. काशम्मा, नातं बहीण. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, आणि मी अजून तुझ्या घरी जेवतेय!

त्यानं नीट समजावून सांगितलं. माझं आधार तुझ्या कार्डाला जोडलंय. इथल्या कार्डावर माझं नुसतं नाव होतं, नंबर नव्हता. सिद्धेश्वरीचे वडील होते तोवर त्यांच्या अंगठ्यावर धान्य मिळायचं, मग सिद्धेश्वरीच्या. तिचं लग्न झालं, आणि या एप्रिलात तिचं नाव मीच टेंभुर्णीच्या कार्डावर घालायला लावलं, कारण सासरी गेलेल्या पोरीचं धान्य आपण खाऊ नये. इथं उरले मी एकटी, बिननंबराची. कार्ड बंद पडलं. आणि मे महिन्यात इथल्या दुकानात चार वेळा दाबून पाचव्या वेळी माझा अंगठा लागला, हिरवी खूण आली, म्हणून मी दुकानदाराला पेढा दिला होता, आणि तरी धान्य आलं नाही म्हणून ती खूण खोटी समजले होते, तो अंगठा लागला तुझ्या कार्डावर. मीच माझ्या हातानं कबूल करून आले की होय, मी भावाकडं जेवते.

म्हणजे विड्यांनी माझा घात केला नाही. माझ्या नावचं पाच किलो धान्य तू दर महिन्याला उचललंस, आणि त्यातलंच पिशवीत भरून मला दान केलंस. वर हातभर नाव लावलंस. संताप येतो म्हणणं फार थोडं झालं. मला तुझी किळस आली अण्णा. लिहून ठेवते, कारण उद्या राग उतरला तर मी हे नाकारीन.

कारकुनानं दोन वाटा सांगितल्या. एक, कुटुंबप्रमुखानं स्वतः अक्कलकोटच्या कचेरीत जाऊन सही करून माझं नाव कमी करायचं. मग आठ-दहा दिवसांत इथं माझं नाव नंबरासकट लागेल. दुसरी, मी तक्रार करायची. मग तुझं अख्खं कार्ड तपासतील. दुकान, गोदाम, दारात चारचाकी, आणि गरिबाचं फुकट धान्य. पुढचं मी सांगायला नको.

गुरम्मा पौर्णिमेला, सात सप्टेंबरला, स्वतः बघायला येणार आहेत. घरात धान्य भरलेलं दिसलं तर पोर राहील, नाहीतर घेऊन जाईन, असं त्यांनी स्पष्ट कळवलंय. तेव्हा या आठवड्यात सही कर. तक्रार करायला लावू नकोस. लोभ किती आहे ते सहीवरून कळेल.

तुझी बहीण,
काशम्मा

* * *

॥ श्री ॥

अक्कलकोट,
ता. २६ ऑगस्ट २०२५

चि. काशम्मा हीस,
संगप्पाचे आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र महेश्वरीच्या हाती पडलं. तिनं वाचून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तुझी इच्छा पुरी झाली असेल.

चोर म्हणायच्या आधी हे ऐकून घे. ते नाव मी ठेवलेलं नाही, अव्वानं ठेवलं. कार्डावरचं नाव फक्त मेलेल्या माणसाचं कापतात, अशी तिची पक्की समजूत. तुझ्या लग्नानंतर अप्पा नाव कमी करायला निघाले, तर तिनं कार्ड तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. अप्पांनी नाद सोडला. पुढं आधार जोडायचा हुकूम निघाला तेव्हा मी मालाच्या खरेदीला बाहेरगावी होतो. अव्वाच कार्ड घेऊन दुकानात गेली. अप्पांच्या वारसनोंदीला तू दिलेली आधारची झेरॉक्स फडताळात होती. सगळ्यांच्या दिल्या तशी तिनं तुझीही दिली. घरी येऊन महेश्वरीला म्हणाली की माझी काशी अजून घरात हाय. महेश्वरीला विचार.

हे मला कळलं ते अव्वा गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी. कळूनही मी राहू दिलं. अव्वानं ठेवलेलं पुसवेना, हे एक. आणि येतंय धान्य तर येऊ दे, हे दुसरं. दुसरं कारण लपवत नाही. पण त्यातला दाणा आमच्या चुलीवर शिजला नाही. तुझ्या नावचं सगळं मी मठाच्या दासोहाला दिलं. शेकडो माणसं जेवली. पुण्य लागलं असेल ते तुलाच.

सहीचं मात्र आत्ता जमणार नाही. चौदा सप्टेंबरला मठाच्या मुख्य पंचाची निवड आहे. माझ्याविरुद्ध कोण उभा आहे तुला ठाऊक आहे, आणि त्याचा मेहुणा त्याच कचेरीत बसतो. मी या दिवसांत रेशन कार्ड घेऊन तिथं गेलो की संध्याकाळी गावभर होईल. अप्पांची ती जागा. तीस वर्षांनी आपल्या घरात परत येतेय. तीन आठवडे थांब. तेवढ्यात कुणी मरत नाही. तोवर मी रात्रीचं, नाव न घालता, कुणाला न कळू देता दोन पोती पाठवतो. डबे भर, विहीणबाईंना दाखव, विषय संपव.

आणि तक्रारीची धमकी मला देऊ नकोस. सख्ख्या भावाला कचेरीत उभं केलंस तर माहेर संपलं असं समज. लोभ राखायचा की तोडायचा, ते तुझ्या हाती.

संगप्पा

* * *

कुंभारी,
ता. ३० ऑगस्ट २०२५

संगप्पा अण्णा,
न. वि. वि.

अव्वाचं वाचून मी रडले. ते तुझ्यापासून लपवून काय करू? लेकीला कधी परत यावंसं वाटलं तर तिच्या वाटणीचं ताट असावं, म्हणून तिनं नाव ठेवलं. ते ताट तू उचलून दुसऱ्यांपुढं ठेवलंस आणि मला पुण्य मोजून देतोस. पुण्यानं माझ्या पोरीचं रक्त वाढत नाही. काल पुन्हा तपासलं, होतं त्याहून कमी झालंय.

दोन पोती पाठवू नकोस. बिरुदेव आला तर वसाहतीच्या तोंडाशीच अडवीन. विहीणबाईंना फसवायला मला धान्य नको. माझ्या नावावरचं, माझ्या दुकानातलं, चारचौघींसारखं रांगेत उभं राहून घेतलेलं धान्य मला पाहिजे. यात नाक आहे म्हणतोस, तर असू दे. नवरा गेला, पोर सासरी गेली, विड्यांनी पाठ गेली. मग दुसरं राहिलंय काय माझ्याकडं?

अप्पांच्या जागेचं कौतुक मला सांगू नकोस. अप्पा असते तर चालत कचेरीत गेले असते. तीन आठवड्यांत कुणी मरत नाही, हे तू बरोबर लिहिलंस. पण तीन आठवड्यांत पोर सासरी जाऊन बाळंत होऊ शकते.

तक्रारीचा अर्ज मी भरून ठेवलाय. धनलक्ष्मीच्या जावयानं लिहून दिला, खाली सही माझी आहे. तीन तारखेपर्यंत तुझ्याकडून निरोप आला नाही तर चार तारखेला सकाळी देणार. यापुढं मी काही लिहिणार नाही. लोभ या वेळी मागत नाही.

काशम्मा

* * *

॥ श्री ॥

अक्कलकोट,
ता. १७ सप्टेंबर २०२५

चि. काशम्मा हीस,
संगप्पाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

झालं तुझ्या मनासारखं. चौदाला निवड झाली, मी मुख्य पंच झालो. गळ्यातला हार उतरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन उभा राहिलो. तुझं नाव कमी करण्याचा अर्ज दिला. साहेबांनी कार्ड उलटंपालटं करून विचारलं की मालक, तुमचा धंदा काय. मी खरं सांगितलं. त्यांनी अख्खं कार्डच जमा करून घेतलं आणि तसं माझ्याकडून लिहून घेतलं. चार माणसं मागं उभी होती, त्यातला एक माझ्याविरुद्ध उभा होता त्याचा मेहुणा. आता गावात काय चाललंय ते मी लिहीत नाही. पंच किती दिवस राहतो तेही सांगता येत नाही.

अर्जाची पोच सोबत पाठवतोय. ती तुमच्या कचेरीत दाखव. तू चार तारखेला तक्रार दिली नाहीस, हे तिथं गेल्यावर मला कळलं. नुसतीच भीती घातलीस. पहिल्यापासून तशीच तू, बोलायला फाटकी आणि मनानं मऊ. त्याबद्दल आभार मानणार नव्हतो, पण महेश्वरीनं मानायला लावलेत.

आता भांडण पुरे. सिद्धेश्वरीचे दिवस भरत आले असतील. सागवानी पाळणा करायला टाकलाय. बाळंत झाली की लगेच कळव, मी आणि महेश्वरी कुंभारीला येऊ. पाळण्यावर कुणाचं नाव नाही, खात्री करून घेतलीय. तू दार उघडशील ना?

लोभ वाढत नसेल तर निदान होता तिथं आणून ठेव.

तुझा,
संगप्पा

* * *

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कुंभारी,
ता. ८ ऑक्टोबर २०२५

ती. संगप्पा अण्णा यास,
काशम्माचा सा. न. वि. वि.

पोच मिळाली. कचेरीत दाखवली. काम झालं.

पाळणा कुंभारीला आणू नकोस. इथं बाळ नाही. सात सप्टेंबरच्या पौर्णिमेला ग्रहण होतं. पोटुशी बाईनं त्या दिवशी बाहेर पडू नये, म्हणून गुरम्मा तीन दिवस आधीच, चार तारखेला सकाळी, जावयाला आणि गाडी घेऊन आल्या. मी त्या वेळी तक्रारीचा अर्ज पिशवीत घालून चप्पल घालत होते.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते. त्यांनी एकेक डबा उघडून बघितला, आणि धनलक्ष्मीच्या डब्याशी आल्यावर थांबल्या. झाकणावर कोरलेलं तिच्या सासूचं नाव त्यांनी वाचलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की विहीणबाई, तुमी लई केलंत, आता आमाला करू द्या. सिद्धेश्वरी माझ्याकडं बघत होती. मी एकदा नको म्हणाले असते तर ती हलली नसती. तिच्या रक्ताचा आकडा माझ्या डोळ्यांपुढं होता. मी तिच्या साड्यांची घडी घालून दिली.

त्या टेंभुर्णीला वळेपर्यंत कचेरी उघडली असेल. मी अर्ज द्यायला गेले नाही. पोर गेली, मग आता भावालाही कशाला बुडवू, असं वाटलं. पण खरं तेवढंच नाही. मी अठरा ऑगस्टलाच तो अर्ज द्यायला हवा होता. कारकून त्याच दिवशी घ्यायला तयार होता. मी अर्ज न देता तुला पत्रं लिहीत बसले. आपला अण्णा करील, आज करील, उद्या करील, असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. तुझी चूक मी विसरणार नाही, पण ही चूक माझी आहे, आणि ती मला जास्त जाळते.

तेवीस सप्टेंबरला सिद्धेश्वरी बाळंत झाली. मुलगी आहे. वजन कमी म्हणून चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली, आता दोघी बऱ्या आहेत. मी बघायला गेले होते. मला बैठकीत खुर्ची दिली, चहा दिला, बाळ आणून मांडीवर ठेवलं आणि थोड्या वेळानं दूध पाजायचं म्हणून आत नेलं. पोरीच्या अंगाला तेल लावायला त्यांनी बाई ठेवलीय. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं. पाळणा तिकडंच पाठव, त्या ठेवून घेतील.

काल पहिल्यांदा माझ्या नावचं धान्य घेतलं. गहू, तांदूळ, सगळं बरोबर होतं. दुकानदारानं नव्या कार्डावर लिहायला पेन काढलं आणि विचारलं की घरात माणसं किती. मी सांगितलं, एक.

तुझी बहीण,
काशम्मा